कानाचा पडदा फाटल्यावर: पहिल्या तासापासून कानातल्या यंत्रापर्यंत

डाव्या कानात मळ काढायचा कापसाचा बड होता, आणि अडीच वर्षांच्या लेकीने मागून येऊन गळ्यात उडी टाकली. खटका दाबल्यासारखा एक 'टक्' आवाज झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि कानात बारीक शिटी सुरू झाली. बडच्या टोकाला लाल ठिपका होता. लेक समोर उभी राहून रडत होती, पण तिचं रडणं कुणीतरी गोधडीत गुंडाळल्यासारखं येत होतं. सासूबाई लगबगीने लसूण सोलायला बसल्या. "कोमट तेल घालते, लगेच आराम पडेल." त्या दिवशी मी एकच शहाणपणा केला, त्यांना तेल घालू दिलं नाही. पुढे मात्र मी दोन चुका केल्या. त्यांतल्या एकीने बरा होणारा कान ऑपरेशनपर्यंत नेला. त्या चुका खाली येतीलच.

पहिला तास: कानात काहीही जाऊ द्यायचं नाही

कानाचा पडदा जेमतेम ९-१० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तो फाटायला फार काही लागत नाही. बड, आगकाडी, हेअरपिन, कानशिलात बसलेली थप्पड, जवळ फुटलेला सुतळी बॉम्ब किंवा विहिरीत कानावर आपटत मारलेला सूर एवढ्यानेही फाटतो. लहान मुलांत बहुतेकदा जंतुसंसर्गाने फाटतो. मूल रात्रभर कान धरून रडतं, पहाटे अचानक शांत झोपतं आणि उशीवर पिवळट डाग दिसतो. पडदा फुटून आतला पू बाहेर आल्यामुळे दुखणं थांबलेलं असतं. आईला वाटतं बरं वाटलं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं असतं.

पहिल्या तासात करायचं ते थोडं आहे. कानात तेल, पाणी, थेंब, हायड्रोजन पेरॉक्साइड, कापसाचा बोळा यांतलं काहीही घालू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कपडा कानावर बाहेरून धरा. नाक दाबून फुंकर मारून 'दडा' काढायला जाऊ नका. पडदा फाटलेला असेल तर त्या फुंकरीत हवा कानातून सुसाटत बाहेर येते, म्हणून काही जण तेवढ्यासाठी करून बघतात. तसं केल्याने भोकाच्या कडा उलट्या वळतात आणि नाकातले जंतू कानात जातात. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते.

काही लक्षणं दिसली तर उद्याची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. घर फिरल्यासारखी चक्कर आणि उलट्या, तोंड एका बाजूला वाकडं होणं, डोक्याला मार लागून कानातून पाण्यासारखं पातळ गळणं, कानामागे सूज आणि ताप, किंवा त्या कानाने एकदम काहीच ऐकू न येणं. नुसत्या पडद्याच्या भोकाने माणूस ठार बहिरा होत नाही. तसं झालं असेल तर इजा आणखी आत पोचली आहे.

इथे घरच्या घरी करता येणारी एक चाचणी सांगते. तोंड मिटून 'म्ऽऽऽ' असा हुंकार भरा, ओंकाराचा शेवटचा मकार लांबवतो तसा. तो दुखऱ्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बहुधा पडद्यात किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानातच घुमला, तर आतल्या कानाला, म्हणजे नसेच्या बाजूला, फटका बसला असण्याची शक्यता आहे आणि तेव्हा दिवस मोजायचे असतात. कारण नसताना एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तरी हाच नियम. अशा वेळी दिलेली स्टेरॉइडची औषधं पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उपयोगी पडतात, पंधरवडा उलटला की संधी झपाट्याने कमी होते. "सर्दीने दडा बसलाय, जाईल" म्हणत महिना काढणारे बरेच असतात. हुंकाराची ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही, घाई किती करायची एवढंच त्यावरून कळतं.

डॉक्टरकडे

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जा. ते आधी दुर्बिणीतून भोक किती मोठं आणि कुठे आहे ते बघतील, मग कंपनकाटा, म्हणजे वाजवला की घुमणारा धातूचा काटा, कानाजवळ आणि कपाळावर टेकवून विचारतील. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकणं मोजून आलेख काढण्याचा, आग्रह तुम्ही धरा, चार दिवसांनी झाली तरी चालेल. सुरुवातीचा आलेख हातात नसेल, तर तीन महिन्यांनी किती सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही. माझी पहिली चूक हीच होती. "भरून येईल" म्हटल्यावर खूश होऊन मी घरी आले.

इजा मारहाणीने झाली असेल तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि त्याच दिवशीच्या कागदावर लिहून घ्या. एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार 'गंभीर दुखापती'त मोडतं, आणि "पडले, लागलं" असं लिहिलेला कागद नंतर बदलता येत नाही. घरातल्याच माणसाने हात उचलला असेल तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

आता आलेखाविषयी, कारण तो कुणी नीट समजावून सांगत नाही. आडव्या रेषेवर सूर असतात, डावीकडे २५० हर्ट्झ म्हणजे ढोलाच्या घुमाऱ्यासारखे खालचे, उजवीकडे ८,००० म्हणजे चिमणीच्या चिवचिवाटासारखे वरचे. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा ते, वरून खाली वाढत जाणारे. तुमची रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. या झाल्या हवेतून ऐकण्याच्या खुणा. त्यांच्याशिवाय कंसासारख्या दुसऱ्या खुणा असतात. कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून घेतलेल्या त्या. हाडातून नीट ऐकू येतंय पण हवेतून नाही, म्हणजे दोन रेघांत फट आहे, तर आतला कान शाबूत आहे आणि दोष वाटेत आहे. हा दोष बहुतेकदा दुरुस्त होतो. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून खाली गेल्या असतील तर दोष नसेचा आहे आणि पडदा शिवून तो जाणार नाही. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, हे डोक्यात ठेवून आपली रेघ बघितली की अंदाज येतो.

पुढचे तीन महिने: कोरडा कान

मार लागून फाटलेले बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात, मोठ्या भोकाला दोन-तीन महिने लागतात. भरण्याचं काम शरीर करतं. आपल्याकडे फक्त राखणीचं काम असतं, आणि ते कंटाळवाणं आहे.

आंघोळीच्या वेळी सुपारीएवढा कापूस घ्या, त्याच्या बाहेरच्या बाजूला बोटभर व्हॅसलिन चोपडा आणि कानाच्या तोंडाशी, वाटीसारख्या खळग्यात बसवा. आत ढकलू नका. कोरडा कापूस पाणी अडवत नाही, तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. व्हॅसलिनशिवाय बोळा घालून आंघोळ करणं हे कानात ओलं फडकं कोंबण्यासारखंच. आंघोळ झाली की बोळा काढून टाका, दिवसभर ठेवला तर कान आतून घामेजतो. केस न्हाणीघरात उभं राहून धुऊ नका. मान पुढे वाकवून, दुसऱ्या कुणाला तरी मागून पाणी घालायला सांगा. माझी दुसरी चूक इथे झाली. पाचव्या आठवड्यात, भर श्रावणात, कान बरा वाटत होता म्हणून मी बोळ्याशिवाय डोक्यावरून न्हाले. तिसऱ्या दिवशी कान वाहायला लागला.

तेव्हा औषधाच्या दुकानातून मी 'कानाचे थेंब' मागितले आणि काही न विचारता मला मिळाले. घरी आल्यावर बाटलीवर नाव वाचलं, निओमायसिन. नशीब की वाचलं. पडद्याला भोक असताना निओमायसिन, जेंटामायसिन या जातीचे थेंब आतल्या कानापर्यंत झिरपून नसेच्या पेशींना इजा करू शकतात. कान वाहत असेल तर डॉक्टर साधारणपणे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब देतात. पण ते त्यांनी द्यायचे आणि किती दिवस तेही त्यांनीच सांगायचं. मळ विरघळवणारे थेंबही बंद. पुढे कधीही, कुठेही, कुणी पिचकारीने कान धुवायला निघालं तर आधी सांगा: "पडद्याला भोक आहे." एसटी स्टँडवर लाल टोपी घालून सळईने मळ काढणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

नाकाचं पथ्य लोक विसरतात, कारण दुखणं कानाचं असतं. नाक आणि कान आतून एका नळीने जोडलेले आहेत. जोरात शिंकरू नका, शेंबूड हलकेच पुसा. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. जलनेती, कपालभाती, भस्त्रिका, शंख फुंकणं हे सगळं तीन महिने बाजूला ठेवा. तपकीर आणि सिगारेटही. पोहणं अर्थातच नाही. त्या कानात इअरफोन नको.

कानात रात्री शिटी वाजते, भुणभुण होते. बाहेरचं ऐकू कमी आलं की मेंदू आतला आवाज मोठा करून ऐकवतो असं समजा. शांत खोलीत ती जास्त छळते. पंखा चालू ठेवा, किंवा रेडिओ अगदी हळू. पडदा भरला की बहुतेकांची कमी होते, काहींची थोडी उरते.

भोक बुजलंच नाही तर

तीन महिन्यांनीही भोक तसंच असेल तर ऑपरेशनचा विषय निघतो. अगदी बारीक भोक असेल तर काही डॉक्टर कडा औषधाने खरवडून वर कागदासारखा पातळ तुकडा लावतात. मोठं असेल तर टिम्पॅनोप्लास्टी. कानाच्या वर, कानशिलावरच्या स्नायूला एक पातळ आवरण असतं, त्याचा तुकडा काढून पडद्याखाली ठिगळासारखा सरकवतात. कधी कानाच्या पुढच्या उंचवट्यातली कूर्चा वापरतात. छेद कानामागून घेतात किंवा दुर्बिणीने कानातूनच काम करतात. कोरड्या, साध्या कानात दहापैकी आठ-नऊ ठिगळं धरतात. म्हणून आधी कान कोरडा करून घेण्यावर सर्जन हटून बसतात, त्यांना घाई करू नका.

वर्षानुवर्षं थोडाथोडा, पण घाण वासाचा पू येत असेल तर मात्र ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. कोलेस्टिटोमा नावाची त्वचेची गाठ मधल्या कानात वाढून हाड खात असण्याची शक्यता असते. ती न दुखता मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. "लहानपणापासून कान फुटतो आमचा" असं कौतुकाने सांगणाऱ्या प्रत्येक काकांना एकदा तरी तज्ज्ञाकडे न्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर दाखल होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे ऐकू आणखी कमी येतं. कानात विरघळणारा स्पंज भरलेला असतो, तो जाईपर्यंत काही आठवडे कान बंदच. पट्टी सोडली त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून रडले, आणि नर्सताई म्हणाल्या, "अहो, आत कापूस आहे असं समजा, कशाला रडताय?" जिभेची एक बाजू धातूसारखी लागते, कारण चवीची एक नस पडद्याच्या मागूनच जाते. चहा मला दोन महिने पितळी पेल्यातला लागत होता. कानाची वरची पाळीही बधिर राहते. हे हळूहळू जातं. जड बादली उचलणं, वाकून फरशी पुसणं, विमानप्रवास हे डॉक्टर सांगतील तोवर बंद, आणि शिंकेचं पथ्य पूर्वीचंच. तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री.

माझं ठिगळ धरलं. खालच्या सुरांतली फट जवळजवळ मिटली. पण ४,००० हर्ट्झच्या पुढे दोन्ही रेघा हातात हात घालून ४५ डेसिबलवर बसलेल्या. पडदा भरणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

जे परत आलं नाही त्याचं काय

वरचे सूर गेले की आवाज येतो, शब्द येत नाहीत. स, श, च, त, फ ही व्यंजनं त्या भागात राहतात. लोक म्हणतात, "ऐकू तर येतं तुला!" येतं हो, पण 'सतरा' आला की 'सत्तर' ते कळत नाही. म्हणून आकडे सुटे करून घ्या. भाजीवाल्याला, बँकेतल्या माणसाला थेट म्हणा, "एक सात की सात शून्य?" एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझी दोनदा फजिती झाली आहे.

ओठ बघून समजायची सवय आपोआप लागते, तिच्यावर फार विसंबू नका. मराठीत प, फ, ब, भ, म ओठांवर सारखेच दिसतात. "पात घे" आणि "भात घे" यांत फरक ओठांवर नाहीच, ताट बघून ओळखायचा.

नुसतं "काय?" विचारू नका. समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त ओरडून, म्हणतो. जेवढं कळलं तेवढं परत द्या: "शनिवारी कुणाकडे जायचंय म्हणालात?" मग त्याला एकच शब्द सांगावा लागतो. आणि घरच्यांना दोन गोष्टी शिकवा. आधी हाक, मान वळली की मग बोलणं. स्वयंपाकघरातून, नळ सोडून, पाठ करून बोललेलं माझ्यापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे, "जाऊ दे, काही विशेष नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. सगळे हसतात आणि आपल्याला सांगायला कुणाला वेळ नसतो, तेव्हा माणूस हळूहळू लग्नकार्यांना जाणंच सोडतो. माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं होतं, आणि आम्ही ते विक्षिप्तपणात जमा केलं होतं.

एकाच कानाचं ऐकणं कमी असेल तर दिशा हरवते. हॉर्न वाजला हे कळतं, कुठून ते नाही. रस्ता ओलांडताना आवाजावर विश्वास टाकू नका, दोन्हीकडे मान वळवून बघा. मीटिंगमध्ये, पंगतीत, रिक्षात अशी जागा धरा की चांगला कान माणसांकडे आणि दुखरा भिंतीकडे राहील. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करा. नाही तर गाण्यातलं अर्धं वाद्यवृंद दुखऱ्या कानातच राहतं. बोललेलं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठीतही चालतं, गोंगाटात चुकतं, पण डॉक्टरच्या खोलीत किंवा बँकेच्या काउंटरवर कामाला येतं. आणि एक फायदा सांगून टाकते: चांगला कान उशीत खुपसून झोपलं की शेजारच्या मंडळाची वर्गणीची चर्चाही ऐकू येत नाही. गजर मात्र थरथरणारा लावा.

यंत्र

दुकानात जाऊन ऐकण्याचं यंत्र घेऊ नका, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, आलेख घेऊन जा आणि काही दिवस घरी वापरायला मागा. खरी परीक्षा त्या शांत खोलीत होत नसते, ती कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला होते. पहिल्या आठवड्यात स्टीलची भांडी डोक्यात आपटतात, प्लॅस्टिकची पिशवी किंचाळते, स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा येतो. म्हणून पहिले काही दिवस घरात दोन-दोन तास, मग एका माणसाशी बोलताना, मग बाजारात. तक्रारी वहीत लिहा, "नीट नाही" असं नको, "ताट ठेवलं की टोचतं, मुलीचं कुजबुजणं येत नाही" असं. त्यावरूनच यंत्र जुळवतात. वाहत्या कानात यंत्राचा साचा, म्हणजे कानात घट्ट बसणारा भाग, घालायचा नाही, तो कानाचं तोंड बंद करतो आणि पू आत कोंडतो. अशांसाठी हाडातून ऐकवणारी यंत्रं असतात, त्यांची चौकशी करा.

बॅटरीचं चिकट लेबल काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवा. हवेतला ऑक्सिजन आत गेल्यावरच ती पुरी जागी होते. रंग लक्षात ठेवा: १० नंबरची पिवळी, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्री बॅटरीचं दार उघडून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. जुलैत बंद पडणारी कितीतरी यंत्रं नुसती दमट झालेली असतात.

पैशाची अडचण असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे तपासणी होते, आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र माणसांना यंत्रं मिळतात. दिव्यांग प्रमाणपत्राबाबत मात्र गैरसमज नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारा' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट, आणि 'बहिरा' म्हणजे दोन्ही कानांत ७० डेसिबल. एकच कान गेला असेल, तो कितीही गेला असला तरी, त्या व्याख्येत बसत नाही. मी तीन खेपा घातल्यावर मला हे कळलं.

राहिलेला चांगला कान आता दुप्पट सांभाळायचा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसतो, त्यापुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर ती मिनिटांवर येते. ढोलपथकात वाजवत असाल तर फोमचे बोळे घाला. पडद्याचं भोक अजून उघडं असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या आणि जुने आलेख एका फाइलमध्ये तारखेने लावा. त्याबरोबर होणारी मधल्या कानाच्या दाबाची चाचणी बऱ्याचदा एटीएमच्या पावतीसारख्या कागदावर छापून देतात. तिचा घरी आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढा, माझी पहिली पावती सहा महिन्यांत कोरी झाली.